अंगठीतील खडा आणि आजीचा प्रश्न

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. लग्नाच्या घोषणांसाठी नावे नोंदविण्यास एक कुटुंब आमच्याकडे आले होते. मुलगा आखातात नोकरीस. सुट्टी थोडी आणि कामे फार. आपल्या वाग्दत्त वधूसाठी त्याने बेळगावच्या एका सराफाकडून हिऱ्याची अंगठी घेतली होती. मेजावर डबी उघडली गेली. "खरा आहे ना रे?" असे आईने विचारताच त्याने खिशातून दोन कागद काढून तिच्यापुढे ठेवले. एक सोन्याच्या शुद्धतेचा, दुसरा हिऱ्याच्या गुणांचा. सर्वांचे समाधान झाले. मुलीची आजी मात्र ती अंगठी बराच वेळ खिडकीच्या उजेडात धरून पाहत राहिली आणि मग मजकडे वळून म्हणाली, "फादर, हा एवढासा खडा कुणीतरी जमिनीतून खणून काढला असेल, नाही का? त्या बापड्याला पोटभर मिळालं असेल का हो?"

सारे हसले. मुलाने ते कागद पुन्हा उलटसुलट करून पाहिले. आजीच्या प्रश्नाचे उत्तर त्यांत नव्हते. ते मजजवळही नव्हते. वेदीसमोर ज्या अंगठीवर मी आशीर्वाद मागणार, तिच्यातील खडा कोणत्या हातांतून आला याची मी तोवर कधी चौकशी केली नव्हती, हे मला त्या वेळी प्रथमच जाणवले. त्यानंतर या विषयाची जी माहिती मिळविता आली, ती वाचकांपुढे ठेवीत आहे. पूर्वी आपल्याकडे सोन्याची साधी अंगठी पुरे होत असे. आता खेड्यापाड्यांतील लग्नांतही हिरा येऊ लागला आहे. तेव्हा आजीचा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक घरापुढे येणारच.

गोवळकोंड्यापासून किंबर्लीपर्यंत

हिरा हे आपल्या भूमीचे जुने धन आहे. हैदराबादच्या वाचकांना गोवळकोंड्याचे नाव सांगावयास नको. खाणी मात्र त्या किल्ल्यात नव्हत्या. त्या दूर कृष्णेच्या काठी कोल्लूर वगैरे ठिकाणी होत्या आणि गोवळकोंडा ही त्या हिऱ्यांची पेठ होती. सतराव्या शतकात तॅव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या त्या खाणी पाहून आला. कोल्लूर येथे पुरुष, स्त्रिया व मुले मिळून सुमारे ६०,००० माणसे राबत असल्याचे त्याने लिहून ठेविले आहे. त्या खाणींतील खडे राजेरजवाड्यांच्या मुकुटांत जाऊन बसले आणि त्यांची नावे आज शाळेतील मुलांनाही ठाऊक आहेत. त्या साठ हजारांपैकी एकाचेही नाव कोणास ठाऊक नाही.

अठराव्या शतकाच्या आरंभी ब्राझीलमध्ये हिरे सापडले आणि आपल्या देशाची मक्तेदारी संपली. १८६७ साली दक्षिण आफ्रिकेत हिरा मिळाला. चार वर्षांत किंबर्ली येथे माणसांची झुंबड उडाली. तेथे काळ्या मजुरांना कराराची मुदत संपेपर्यंत कुंपण घातलेल्या वसाहतीत कोंडून ठेवीत. हेतू हा की, त्यांनी हिरे चोरू नयेत. थोडक्यात, हिऱ्याची चमक आणि खणणाऱ्याची दैना यांचे नाते आजकालचे नव्हे.

हे नाते इतके घट्ट का, हे समजण्यास हिरा कोठे मिळतो ते ध्यानात घ्यावे लागते. हिरा म्हणजे शुद्ध कर्ब. भूपृष्ठाखाली दीडशे किलोमीटर वा त्याहूनही खोल, प्रचंड दाबाखाली व उष्णतेत तो तयार होतो आणि प्राचीन काळच्या ज्वालामुखींच्या उद्रेकाबरोबर वर येतो. त्या उद्रेकाचा खडक थिजून जमिनीत जणू उभ्या नळ्यासारखा राहतो. असा नळ फोडून हिरा काढावयाचा तर मोठी यंत्रे व मोठे भांडवल लागते; तेथे बहुधा कंपन्या असतात आणि सरकारची नजर असते. परंतु जेथे पाऊस-पाण्याने तो खडक झिजला, तेथे हिरे नद्यांबरोबर वाहत जाऊन कोसचे कोस वाळूगोट्यांत विखुरले. असा हिरा काढण्यास कुदळ, घमेले आणि चाळण एवढी सामग्री पुरते. म्हणूनच तो गरिबाच्या हाती लागू शकतो. आणि म्हणूनच ज्याच्या हाती बंदूक, तो गरिबाच्या हातून तो हिसकावूनही घेऊ शकतो.

सिएरा लिओनची कहाणी

पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या लहानशा देशात हेच घडले. १९९१ साली फोडे सांकोह याच्या बंडखोर सेनेने तेथे युद्ध पेटविले. देशाच्या पूर्वेस कोनो नावाचा जिल्हा आहे. त्यातील नद्यांच्या पात्रांत उत्तम प्रतीचे हिरे सापडतात. बंडखोरांनी ते पात्र ताब्यात घेतले, माणसांना पकडून बंदुकीच्या धाकाने खणावयास लाविले आणि निघालेले हिरे शेजारच्या लायबेरियातून बाहेर काढले. त्यांच्या मोबदल्यात शस्त्रे आली. त्या शस्त्रांनी आणखी गावे जाळली.

पुढचे लिहिताना लेखणी अडखळते. प्रजेवर दहशत बसावी म्हणून या सेनेने गावकऱ्यांचे हात तोडले. १९९६ च्या निवडणुकीच्या सुमारास तर मत देणारा हातच उरू नये, असा त्यांचा अमानुष बेत होता. स्त्रिया सुटल्या नाहीत, मुले सुटली नाहीत. अनेक मुलांच्या हाती बंदुका देऊन त्यांनाच मारेकरी बनविण्यात आले. जानेवारी २००२ मध्ये युद्ध संपले तेव्हा सुमारे ५०,००० माणसे प्राणास मुकली होती. लायबेरियाचा माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर याच्यावर खास न्यायालयात खटला चालला. या अत्याचारांना त्याने साहाय्य केले व बंडखोरांकडून हिरे घेतले, हे शाबीत होऊन २०१२ साली त्याला पन्नास वर्षांची शिक्षा झाली.

त्या वर्षांत कोनोच्या पात्रातून निघालेले हिरे नाहीसे झाले नाहीत, हे ध्यानात घ्यावे. हिरा झिजत नाही. त्यांना पैलू पडले, ते अंगठ्यांत बसले आणि कोणाकोणाच्या बोटांवर प्रेमाची खूण म्हणून आजही चमकत असतील. घेणाऱ्यांपैकी कोणीही वाईट माणूस नव्हता. त्यांनी फक्त विचारले नाही.

किंबर्लीचा दाखला आणि त्याची मर्यादा

अंगोलातही बंडखोर हिऱ्यांच्या जोरावर लढत होते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने १९९८ साली अंगोलाच्या व २००० साली सिएरा लिओनच्या बेकायदा हिऱ्यांवर बंदी घातली. काही निर्भय संस्थांनी हा व्यापार उजेडात आणला तेव्हा ग्राहक हिऱ्याकडे पाठ फिरवील, अशी भीती व्यापाऱ्यांना वाटू लागली. मे २००० मध्ये किंबर्ली येथेच पहिली बैठक भरली आणि १ जानेवारी २००३ पासून किंबर्ली प्रमाणपत्राची पद्धत अमलात आली. आज ऐंशीहून अधिक देश तीत सामील आहेत. पैलू न पाडलेला हिरा एका देशातून दुसऱ्या देशात न्यावयाचा तर तो मोहोरबंद पेटीत असावा, सोबत सरकारी दाखला असावा आणि सभासद देशाखेरीज अन्य कोणाशी व्यवहार करू नये, असा नियम आहे. भारत या पद्धतीत आरंभापासून आहे. आपल्याकडे हे दाखले रत्ने व दागिने निर्यात प्रोत्साहन परिषदेमार्फत दिले जातात.

या पद्धतीने चांगले काम केले, हे नाकारणे अन्यायाचे होईल. बंडखोरांना खुल्या बाजारात हिरा विकणे पूर्वीपेक्षा फार कठीण झाले. परंतु तिची व्याख्या अरुंद आहे. कायदेशीर सरकार उलथून पाडण्यासाठी लढणाऱ्या बंडखोरांना ज्यांतून पैसा मिळतो, तेवढेच हिरे तिच्या लेखी निषिद्ध. खणणाऱ्याला मजुरी मिळाली की नाही, मुलांना कामाला जुंपले की काय, नदी नासली की काय, हे ती विचारीत नाही. अत्याचार करणारा बंडखोर नसून सरकारच असेल, तर काय?

झिंबाब्वेत ते घडले. २००६ पासून मारांगे या भागात हजारो गरीब माणसे हिऱ्यांच्या आशेने गोळा झाली होती. २००८ च्या अखेरीस सरकारने सैन्य पाठविले. हेलिकॉप्टरांतूनही गोळ्या झाडल्या गेल्या. मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेच्या चौकशीत दोनशेहून अधिक माणसे मारली गेल्याचे नोंदले आहे. काही काळ तेथील निर्यात थांबविण्यात आली. नोव्हेंबर २०११ मध्ये तिला पुन्हा परवानगी मिळाली. ज्या 'ग्लोबल विटनेस' संस्थेने ही पद्धत सुरू व्हावी म्हणून सर्वांत आधी आवाज उठविला होता, तिनेच पुढच्या महिन्यात या पद्धतीतून अंग काढून घेतले. ३१ जानेवारी २०२३ रोजी पोप फ्रान्सिस कांगोची राजधानी किन्शासा येथे बोलले, तेव्हा लोभाच्या विषाने तेथील हिरे रक्ताने माखले आहेत, असे त्यांनी जगाला सुनावले. किंबर्लीचा दाखला सुरू होऊन त्या वेळी वीस वर्षे लोटली होती.

सुरतेच्या कारखान्यात

वडोदऱ्याच्या वाचकांपासून सुरत काही तासांच्या अंतरावर आहे. जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिरे तेथील कारागिरांच्या हातांखालून जातात. म्हणजे खडा आफ्रिकेत निघालेला असो की कॅनडात, तो घासणारा हात बहुधा आपल्याच देशबांधवाचा असतो. त्याचीही स्थिती आज सुखाची नाही. परदेशची मागणी मंदावल्यामुळे अलीकडच्या वर्षांत अनेक कारखान्यांत काम घटले, मजुरी घटली. २०२४ साली तर तेथील कामगार संघटनेला निराश कारागिरांना आत्महत्येपासून परावृत्त करण्यासाठी दूरध्वनीची सोय करावी लागली. आजीच्या प्रश्नात हा हातही येतो.

खड्याचे मूळ हरवते तेही बहुधा या टप्प्यावर किंवा त्याच्या थोडे आधी. चार घरांचे जोंधळे एकाच गिरणीत दळले की पीठ कोणाच्या शेतातले हे सांगता येत नाही. तसेच येथे होते. निरनिराळ्या देशांचे कच्चे हिरे आकार, रंग व प्रत पाहून एकत्र निवडले जातात. लहान खड्यांचे मूळ तर जवळजवळ पुसलेच जाते. आपल्या गावांत घेतल्या जाणाऱ्या अंगठ्यांत व कुड्यांत असे दोन-पाच सेंटांचे खडेच अधिक असतात. (एक कॅरट म्हणजे एक पंचमांश ग्रॅम, त्याचे शंभर भाग म्हणजे शंभर सेंट.)

पण मूळ राखणे अशक्य आहे, असे मात्र नाही. युक्रेनवरील युद्धामुळे अमेरिका व युरोपीय संघ यांनी रशियाच्या हिऱ्यांना मनाई केली आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून ती मनाई अन्य देशांत पैलू पाडलेल्या अर्ध्या कॅरटच्या खड्यांपर्यंत आणली. त्याबरोबर सुरत-मुंबईच्या व्यापाऱ्यांना अशा खड्याचा देश सांगण्याची तजवीज करावी लागली. मोठ्या गिऱ्हाईकाने विचारले म्हणून उत्तर शोधले गेले. लहान गिऱ्हाईक विचारीत नाही.

मग हिरा घेऊच नये काय?

इतके वाचल्यावर एखादी गृहिणी म्हणेल, "नको तो हिरा आणि नको ती भानगड!" ज्याला हौस नाही त्याने खुशाल साधी अंगठी घ्यावी, लग्नाला हिऱ्याची गरज कोणत्याही धर्मविधीत सांगितलेली नाही. परंतु सर्वांनीच हिऱ्याकडे पाठ फिरविली तर सारे पाप फिटेल, ही समजूतही बरोबर नव्हे. आफ्रिकेत दहा लाखांहून अधिक माणसे हाताने हिरे खणून पोट भरतात. पाठ फिरविली तर पहिला उपवास त्यांना घडेल.

शिवाय हिऱ्याने भले झाल्याचेही दाखले आहेत. बोट्स्वाना १९६६ साली स्वतंत्र झाला तेव्हा जगातील अत्यंत दरिद्री देशांत त्याची गणना होत असे. दुसऱ्याच वर्षी तेथे ओरापा येथे हिऱ्यांचा साठा सापडला. सरकारने पुढे खाणींच्या कंपनीत निम्मा वाटा मिळविला आणि तो पैसा रस्ते, शाळा व दवाखाने यांवर खर्च केला. तेथेही सान जमातीच्या आदिवासींना कालाहारीतील त्यांच्या भूमीवरून हलविण्याचा अन्याय झाला व २००६ साली न्यायालयाने तो बेकायदा ठरविला. तथापि तेथील हिऱ्याने शेजारचे गाव जाळले नाही, तेथे शाळा उभी केली, एवढे निश्चित.

ज्या कोनो जिल्ह्यात हात तोडले गेले, तेथूनच मार्च २०१७ मध्ये एक वेगळी वार्ता आली. इमॅन्युएल मोमो नावाच्या एका पाळकांच्या खाणीत त्यांच्या मजुरांना ७०९ कॅरटचा प्रचंड हिरा सापडला. तो चोरवाटेने विकणे त्यांना अवघड नव्हते. पण त्यांनी तो राष्ट्राध्यक्षांच्या स्वाधीन केला, की उघड लिलाव व्हावा आणि गावाला त्याचा वाटा मिळावा. न्यूयॉर्क येथे तो पासष्ट लाख डॉलरांस विकला गेला. त्यांतील निम्म्याहून अधिक रक्कम सरकारकडे, विकासकार्यासाठी गेली. उरलेल्यातून पाळक व खणणारे यांना वाटा मिळाला. लोकांनी त्या खड्याला 'शांतीचा हिरा' असे नाव दिले.

आपल्याकडे मध्य प्रदेशात पन्ना जिल्हा आहे. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांनी त्याचे नाव ऐकले असेल. तेथे सामान्य मजूरही सरकारकडून आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद जमिनीचा तुकडा खणावयास घेऊ शकतो. सापडलेला खडा सरकारी हिरा कार्यालयात जमा करावयाचा, त्याचा उघड लिलाव होतो आणि सरकारचा हिस्सा वजा करून बाकी पैसे खणणाऱ्याला मिळतात. २०२४ साली एका मजुराला १९ कॅरटहून मोठा हिरा मिळाला. पुष्कळांच्या हाती वर्षानुवर्षे मातीच लागते हे खरे. पण खडा कोणाच्या हातून निघाला व त्याला काय मिळाले हे तेथे कागदावर सांगता येते. आजीला हवे होते ते एवढेच.

दुकानात काय विचारावे

प्रथम कागद कोणता काय सांगतो ते समजून घ्यावे. सोन्यावरील हॉलमार्कचा शिक्का सोन्याची शुद्धता सांगतो. हिऱ्याविषयी तो मुका असतो. प्रयोगशाळेचा दाखला हिऱ्याचे वजन, रंग, निर्मळपणा व पैलू सांगतो. तो बहुधा कोणत्या देशातला हे सांगत नाही. 'आमचे सर्व हिरे किंबर्लीचे' असे दुकानदार म्हणाला, तर वर दिलेली मर्यादा आठवावी. मग शांतपणे विचारावे : हा खडा खाणीतला की प्रयोगशाळेतला? खाणीतला असल्यास कोणत्या देशातला? खडा आपण कोणाकडून घेतला आणि त्याला पैलू कोठे पाडले? हिरे वैध मार्गाने आलेले आहेत, त्यांतून कोणत्याही युद्धाला पैसा गेलेला नाही, असे वाक्य बिलावर लिहून द्याल काय? जवाहिऱ्यांच्या जागतिक संघटनेने असे हमीपत्र ठरवून दिलेले आहे. तेव्हा ही मागणी अवाजवी नव्हे. मोठ्या खड्याच्या कडेवर लेसरने कोरलेला क्रमांक असतो. तो भिंगातून दाखविण्यास सांगून दाखल्यावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. पक्के बिल न देणाऱ्याकडून, भाव कितीही स्वस्त असो, काही घेऊ नये.

प्रयोगशाळेतील हिऱ्याविषयी दोन शब्द. १९५४ साली अमेरिकेत असा हिरा प्रथम खात्रीशीरपणे बनविण्यात आला. आता तो सुरतेतही मोठ्या प्रमाणावर तयार होतो. तो नकली काच नव्हे. तोही कर्बाचाच खरा हिरा आहे. त्यासाठी कोणाला नदीपात्रात राबविले गेले नाही, ही त्याची जमेची बाजू. मात्र त्याला वीज फार लागते, आणि त्याचे भाव अलीकडे झपाट्याने उतरले आहेत. म्हणून अडीअडचणीला मोडता येईल या हिशेबाने तो घेऊ नये. तो खाणीतला म्हणून विकणे ही सरळ फसवणूक आहे. यासाठी बिलावर त्याचा प्रकार लिहून घ्यावाच.

सर्वांत सोपा मार्ग बहुधा घरातच असतो. आजीच्या वा आईच्या जुन्या दागिन्यातील खडा नव्या अंगठीत बसवून घेता येतो. त्याचा जुना इतिहास आपण बदलू शकत नाही. पण त्याच्यासाठी कोणाला नव्याने खणावे लागत नाही.

दावीद राजाची एक गोष्ट आपण ऐकलेली आहे. शत्रूच्या वेढ्यापलीकडे असलेल्या बेथलेहेमच्या विहिरीचे पाणी प्यावे असे त्याला वाटले. तीन वीरांनी जीव धोक्यात घालून ते आणले, तेव्हा दावीदाने ते ओठाला लावले नाही. ज्या पाण्यासाठी माणसांनी प्राण पणास लाविले, ते पाणी त्याला त्यांच्या रक्तासारखे वाटले. पाण्यात काही खोट नव्हती. ते कसे आले, हे त्याला ठाऊक होते, एवढेच.

त्या मुलाने नंतर सराफाकडे जाऊन विचारले. सराफ भला माणूस. "इतकी वर्षे दुकान चालवतो, पण हे आजवर कुणी विचारलं नव्हतं," असे म्हणून त्याने हमीचे वाक्य बिलावर लिहून दिले आणि देशाविषयी सुरतेला विचारतो म्हणाला. पंधरा दिवसांनी निरोप आला : खडे लहान, एकत्र आलेले, देश सांगता येत नाही. मुलगा अंगठी परत करावयास निघाला होता. आजीने त्याला थांबविले. "ठेव. पण पुढच्या वेळी पैसे मोजायच्या आधी विचार."

लग्न ठरल्या दिवशी झाले. त्या अंगठीवर मी आशीर्वाद मागितला आणि ज्या अज्ञात हातांनी तो खडा बाहेर काढला त्यांचेही स्मरण केले. परवा त्याच दुकानात आमच्या गावचे दुसरे एक कुटुंब गेले होते. त्यांनीही तोच प्रश्न विचारला, असे कळते.